'सिस्टम घेत नाही' म्हणजे नेमकं कोण घेत नाही?

"सिस्टम नहीं ले रहा है, दीदी."

रायपूरच्या शंकर नगरात, बी.टी.आय. मैदानाच्या बाजूला एका चॉइस सेंटरवर गेल्या वर्षी माझ्या भाचीने हे वाक्य तीनदा ऐकलं. शिष्यवृत्तीचा फॉर्म होता. गुणपत्रिका बरोबर, आधार बरोबर, जातीचा दाखला बरोबर. तरी पडद्यावर लाल अक्षरांत एकच ओळ येत होती, नाव जुळत नाही. पहिल्या दोन खेपांना ती शिकवण्या बुडवून गेली, म्हणजे त्या दिवसांचे पैसे गेले. तिसऱ्या खेपेला मला सोबत घेऊन गेली. मी पीजीडीसीए केलेली, खानदानातली 'कॉम्प्युटरवाली मावशी'.

खरं सांगते, मलाही पंधरा मिनिटं काही कळलं नाही. दोन्हीकडचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तेच. शेवटी वैतागून मी नावाच्या टोकाला कर्सर नेला आणि बॅकस्पेस दाबली. काहीच पुसलं गेलं नाही, पण कर्सर एक घर मागे सरकला. फॉर्म लगेच गेला. काउंटरवरच्या मुलाने नाव कुठून तरी कॉपी करून चिकटवलं होतं आणि त्याच्या शेपटीला एक रिकामी जागा चिकटून आली होती.

आपल्यासाठी रिकामी जागा म्हणजे काही नाही. यंत्रासाठी तो 32 हा आकडा आहे. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. इंग्रजी मोठं एम म्हणजे 77, देवनागरी 'म' म्हणजे 2350. हे आकडेही तो आपल्यासारखे लिहीत नाही. त्याच्याकडे वीज आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणा आहेत, 1 आणि 0. सत्त्याहत्तर तिथे 1001101 असा बसतो: चौसष्ट, आठ, चार आणि एक यांची घरं भरलेली, बाकी रिकामी. अशा एका घराला बिट म्हणतात. भाचीचं नाव एकीकडे अमुक इतके आकडे होतं आणि दुसरीकडे त्याहून एक जास्त. यंत्राने दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या, लांबी वेगळी दिसली, 'जुळत नाही' म्हणून मोकळं झालं.

इथल्या सरकारी कचेऱ्यांत ज्यांनी कृतिदेव फॉन्टमध्ये टायपिंग केलंय त्यांना याचा आणखी एक नमुना माहीत असेल. कृतिदेवात पडद्यावर 'राम' दिसतं, पण पोटात इंग्रजी जे, के, ई यांचे आकडे असतात. फॉन्ट फक्त त्या आकड्यांवर देवनागरीचं चित्र चढवतो. म्हणून तोच मजकूर वेबसाइटवर चिकटवला की कचरा दिसतो. मी कित्येक वर्षं समजत होते की माझ्याच हातून काहीतरी चुकतं.

आता मुद्द्यावर येते. नावाच्या टोकाची रिकामी जागा छाटून टाकण्याची सोय आजच्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत तयार असते. एक शब्द लिहावा लागतो. त्या फॉर्मच्या प्रोग्राममध्ये तो कोणी लिहिला नव्हता. म्हणजे फॉर्म 'सिस्टम'ने नाकारला नाही. कुठल्यातरी खोलीत बसलेल्या माणसाने एक अट घातली, दुसरी घालायची विसरला, आणि त्याची किंमत शंकर नगरात एका मुलीच्या तीन दिवसांनी चुकवली. माझं म्हणणं असं की आपल्यासारख्या घरात पहिल्यांदा पदवी घेणाऱ्या प्रत्येकाने एक्सेल शिकण्याआधी हा फरक शिकावा. 'शास्त्रात नाही' हे उत्तर आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकलं. शास्त्र कोणी लिहिलं, हे विचारायला पिढ्या गेल्या. 'सिस्टममध्ये नाही' याला तेवढा वेळ द्यायची गरज नाही.

आणि हे फक्त रिकाम्या जागेपुरतं नाही. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती देणारी दुरुस्ती 1990 सालची आहे. त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी एक ऑनलाइन फॉर्म भरला, त्यात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' निवडलं की खालच्या यादीतून अनुसूचित जाती हा पर्यायच नाहीसा व्हायचा. कायदा बदलला होता, त्या यादीमागची अट बदलली नव्हती. काउंटरवरच्या बाईंनी सहज सुचवलं, "हिंदू डाल देते हैं ना."

अट म्हणजे काय, हे मला कुठल्या कोर्समध्ये कळलं नाही. वडिलांकडून कळलं. ते रेल्वेत सिग्नल खलाशी होते. आजोबा भंडाऱ्याकडून रायपूरला आले तेव्हा छत्तीसगड मध्य प्रांतात होतं आणि राजधानी नागपूर होती, म्हणजे ते परराज्यात आलेच नव्हते. (दाखल्याच्या काउंटरवर हे दर खेपेला नव्याने समजावून सांगावं लागतं.) वडिलांचं काम सांध्यांना तेल-ग्रीस करणं, केबलसाठी चर खणणं, बॅटरीत पाणी भरणं. पण स्टेशनच्या रिले रूममध्ये काय चालतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. सांधा बरोबर बसलेला हवा, आणि तो कुलूपबंद हवा, आणि पुढचा रूळ मोकळा हवा. तिन्ही असेल तरच सिग्नल पडणार. एक जरी नसेल तरी लाल. रूळ मोकळा आहे हे कसं कळतं? रुळातून बारीकसा प्रवाह सोडलेला असतो, तो पलीकडच्या रिलेला उचलून धरतो. गाडी आली की प्रवाह चाकांतून आणि धुऱ्यातून पलीकडच्या रुळावर निघून जातो, रिले पडतो, सिग्नल लाल. तार तुटली तरी रिले पडतो, तरी लालच. बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे, या हिशोबाने सगळी रचना.

हे 'आणि', 'किंवा', 'नाही' म्हणजेच कॉम्प्युटरमधली गेट्स. उपमा म्हणून सांगत नाही, अक्षरशः. 1937 साली अमेरिकेत एमआयटीमधल्या क्लॉड शॅनन या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात हेच दाखवलं की रिलेंच्या जोडण्या बीजगणिताने मांडता येतात. ते बीजगणित 1854 च्या 'लॉज ऑफ थॉट' या ग्रंथात जॉर्ज बूलने मांडलं होतं. बूल इंग्लंडमधल्या एका जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. विद्यापीठाची पदवी नव्हती, बरंचसं गणित स्वतःच शिकला, आणि 1849 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या कॉलेजात प्राध्यापक झाला. जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात शाळा काढली त्याच्या पुढच्याच वर्षी. तुलना फार ताणायची नाही. बूलच्या बापाचा धंदा गरिबीचा होता, पण त्याची सावली कोणाला विटाळत नव्हती. आता रिलेच्या जागी ट्रान्झिस्टर आहेत, एका चिपवर शेकडो कोटी. काम तेच.

माझ्या वडिलांच्या डोक्यात हे सगळं होतं आणि रिले रूमचा नकाशा मात्र इंग्रजीत, साहेबाच्या कपाटात. त्यांनी कित्येकदा मागितला. "तुला काय करायचंय?" हे उत्तर. जात म्हणजे केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी, असं बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. त्याचा अर्थ मला त्या कपाटावरून जास्त कळला.

मग आपण कोर्स करतो. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी, इकडे डीसीए, पीजीडीसीए. नोकरीच्या जाहिरातीत मागतात म्हणून करावाच लागतो, त्यात चूक काही नाही. पण मी ज्या संस्थेत शिकले तिथे कॅबिनेट कधी उघडलं नाही. रॅमचं पूर्ण रूप लिहा, कॉम्प्युटरच्या पाच पिढ्या लिहा. मी लिहिल्या, चांगले मार्क पडले. नंतर नोकरीत एकदा वीज गेली आणि अर्ध्या दिवसाची व्हाउचर्स उडाली, तेव्हा रॅम कळली: करंट असेपर्यंतच तिला आठवतं, सेव्ह करणं म्हणजे डिस्कवर लिहून ठेवणं. पाठांतराने मार्क मिळतात हे आपल्याला कोणी सांगायला नको. ज्यांच्या घरात पाठांतर हीच विद्या मानली गेली त्यांनी रचलेल्या परीक्षा आपण त्यांच्याच पद्धतीने पास होतो आणि यंत्राला मात्र घाबरतच राहतो.

त्यातही एक उतरंड आहे. कोड लिहिणारा इंजिनियर, मदरबोर्डला कहया लावणारा मेकॅनिक. आपली मुलंसुद्धा 'हार्डवेअरचं काम' म्हणताना आवाज खाली आणतात. अजंता सुब्रमण्यम यांनी 2019 च्या 'द कास्ट ऑफ मेरिट' या पुस्तकात आयआयटी मद्रासचा अभ्यास करून दाखवलंय की हाताच्या कारागिरीपासून तोडलेलं इंजिनियरिंग या देशात वरच्या जातींची मिळकत कसं झालं. आणि तोच कॉम्प्युटर मेल्यावर दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत जातो, तिथे माणसं उघड्या हातांनी तो फोडतात. त्यांच्याइतके मदरबोर्ड कुठल्या इंजिनियरने पाहिले असतील?

कोणी म्हणेल, गाडी चालवायला इंजिन कशाला कळायला हवं? ठीक. पण गाडी तुम्हाला विचारत नाही की तुमची जात कोणती, आणि उत्तर पसंत नाही म्हणून दार बंद करत नाही. हे यंत्र करतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मूलभूत ज्ञान आलं म्हणून जात सुटत नाही. अमेरिकेत सिस्को कंपनीविरुद्ध 2020 मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने जातीभेदाच्या आरोपावरून खटला भरला, तो एका दलित इंजिनियरच्या तक्रारीवरून. तो काही बूलच्या तर्कात कच्चा नव्हता. त्यामुळे 'शिका म्हणजे सगळं ठीक होईल' असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणते की आत काय आहे ते माहीत असेल तर काउंटरवरून हात हलवत परत येण्याऐवजी दुसरा प्रश्न विचारता येतो.

2018 मध्ये छत्तीसगड सरकारने संचार क्रांती योजनेत फुकट स्मार्टफोन वाटले, 'मोबाईल तिहार' म्हणून गाजावाजा झाला. यंत्र हातात आलं, समज आली नाही. समजेला तेवढा पैसाही लागत नाही. भंगारवाल्याकडून एक बंद पडलेला कॅबिनेट आणा. स्क्रू काढा. पंख्याखाली प्रोसेसर सापडेल, उभी खोचलेली पट्टी म्हणजे रॅम, तारेने जोडलेली डबी म्हणजे डिस्क. दोन स्विच, एक बल्ब आणि सेल घेऊन 'आणि' आणि 'किंवा' घरीच जोडून बघा, दहा मिनिटं लागतात. आमच्याकडे हे वडिलांनीच नातीला करून दाखवलं, जुन्या टॉर्चच्या बल्बवर. तिच्या चुकीच्या जोडणीवर ते अजूनही खलाशासारखे ओरडतात.

भाचीने त्या फॉर्मबद्दल ऑनलाइन तक्रार टाकली आहे. काय बिघडलंय, कुठे, आणि कुठला एक शब्द घातला की सुटेल, हे तिने स्वतः लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. तक्रारीच्या रकान्यात अक्षरांची मर्यादा होती आणि त्यात रिकाम्या जागाही मोजल्या जात होत्या.