कार्बोरेटर धुऊन भागणार नाही

जुनी मोटारसायकल बंद पडली की गिऱ्हाईक निदान ठरवूनच गॅरेजला येतं. "भाऊ, किक मारी मारी पाय दुखी ग्यात. कार्बोरेटर साफ करी दे." माझं गॅरेज भडगावात. गाड्या येतात त्या दूध घालणाऱ्यांच्या, गिरणाकाठच्या केळीला पाणी भरायला जाणाऱ्यांच्या, कजगाव स्टेशनला माणूस सोडणाऱ्यांच्या. कुणाची राजदूत, कुणाची सीडी १००, एखादी जिवापाड जपलेली आरएक्स १००. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, कार्बोरेटर शेवटी उघडायचा. अलीकडे तर दोष पुष्कळदा त्याचा नसतोच.

आधी टाकीचं झाकण पाहा. त्याला एक बारीक छिद्र असतं, त्यात शेतरस्त्याची धूळ बसते. मग टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही आणि गाडी थोडं अंतर जाऊन आचके देत थांबते. झाकण उघडलं की फुस्स होतं आणि गाडी चालू! याचेही कार्बोरेटर धुतल्याचे पैसे लावणारे आमच्या धंद्यात आहेत, ते मी झाकणार नाही. मग टाकीखालच्या कॉकची नळी काढून काचेच्या बाटलीत पेट्रोल घ्या आणि जरा थांबा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. पेट्रोल नितळ आहे पण धार बारीक येते, तर कॉकच्या जाळीत गंज अडकलाय.

एवढं पाहून झालं की कार्बोरेटरला हात लावा. चोक ओढला तरच चालते, सोडला की बंद पडते, तर स्लो जेट तुंबलाय. उभ्या गाडीतून पेट्रोल ठिबकतं, तर फ्लोटची पिन झिजली किंवा तिच्याखाली कचरा आला. मूठ सोडली तरी रेस उतरत नाही, तर बहुधा इंजिनाकडच्या रबरी जोडाला तडा गेलाय आणि तिथून हवा घेतेय. जेटमध्ये तार मात्र घालू देऊ नका. पितळेचं छिद्र मोठं झालं की नवा जेट टाकेपर्यंत ॲव्हरेज परत येत नाही. हवेचा प्रेशर मारला की काम होतं.

ही विद्या अजून चालते. बदललंय ते पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर यायला लागलं आणि आता पंपावर साधारण तेच मिळतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, इथेनॉलला नऊ किलो पुरते. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतो, तो इंधन कमीजास्त करून घेतो. कार्बोरेटरचं छिद्र जेवढं आहे तेवढंच राहतं. त्यामुळे गाडी लीन चालते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी पडतं, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, तेव्हा टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर खळ्यात उभी राहिलेली गाडी दिवाळीत काढा, टाकीच्या तळाला काय साचलंय ते दिसेल. मुरलेला पाइप आणि फुगलेलं रबर मी रोज बदलतो.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. आमच्याकडचा मका त्यात जातो, त्याला गिऱ्हाईक वाढलं, हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं. पण मका विकणाराच जुन्या गाडीवर फिरतो, त्याचा हिशेब कुणी धरला? जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग बदलावे लागू शकतील आणि तो खर्च किरकोळ आहे, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. मंत्रालयाला किरकोळ असेल. दूध घालणाऱ्याची एक सकाळ गाडी ढकलण्यात गेली की त्याचं दूध नासतं.

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या गाड्यांसाठी १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल उपलब्ध ठेवायला हवं असं म्हटलं होतं. तेवढंच करा. तालुक्याच्या ठिकाणी एका पंपावर एक नळी १० टक्क्यांची ठेवा आणि प्रत्येक नळीवर टक्केवारी मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहा. तोवर जुनी गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा.