क्वेरीतला ३१ तारखेचा उपास

व्हायवात नॉर्मलायझेशन सगळे घडाघडा सांगतात, तारखेची क्वेरी मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे.

समजा, मेसचं मार्चचं बिल काढायचंय. आपण बिनधास्त 'बिटवीन १ मार्च अँड ३१ मार्च' लिहितो. पण कॉलममध्ये तारखेसोबत वेळही असेल, तर नुसती '३१ मार्च' म्हणजे त्या दिवशीचे ००:००. झालं! ३१ चा नाश्ता, जेवण सगळं बाहेर. एप्रिलची क्वेरी १ पासून, म्हणजे मेसवाल्या काकांचे पैसे कायमचे बुडाले. त्यापेक्षा '१ मार्च किंवा नंतर, आणि १ एप्रिलच्या आधी' असं लिहा. महिना २८ चा असो की ३१ चा, फरक पडत नाही.

दुसरं दुखणं यूटीसीचं. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री साडेबाराला गेटवर आलेला पोरगा यूटीसीत आदल्या संध्याकाळी सातलाच हजर! साठवण यूटीसीत जरूर करा. पण दिवसाची हद्द आपल्या मध्यरात्रीची धरा आणि ती यूटीसीत बदलून क्वेरीत घाला.

एरर आली नाही म्हणजे उत्तर बरोबर, असं नसतं. चुकलेल्या आकड्यामागे कुणाचे तरी कष्टाचे पैसे असतात.