छाटणीच्या दिवसांतली दिवाळी

दिवाळीत दिंडोरी-निफाडकडे गेलात तर फटाक्यांआधी कात्र्या ऐकू येतात. द्राक्षबागांत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू असते. छाटणाऱ्यांच्या मागोमाग पेठ-सुरगाण्याहून आलेली टोळी काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत सरकते.

या बागांना शिस्त लावली ती परदेशी गिऱ्हाइकाने. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला, कंटेनर अडकले, बागायतदार कर्जात गेले. पण ते दार कायमचं मिटलं नाही, म्हणून पुढच्या हंगामात सुधारून उभं राहता आलं. फवारणीची वही, प्रयोगशाळेचा दाखला, पेटीवर बागेचा क्रमांक, सगळं अंगवळणी पडलं. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्याच कंपनीने तर पेटंट असलेल्या परदेशी जाती इथल्या मातीत लावल्या.

कांदाही याच नाशिक जिल्ह्यातला, पण त्याचं नशीब वेगळं. त्याची निर्यात 8 डिसेंबर 2023 ला बंद झाली, 4 मे 2024 ला खुली झाली, तीही 40 टक्के शुल्काचं ओझं ठेवून. शहरातल्या गृहिणीची काळजी आम्हालाही आहे, तिच्याच घरी हा दिवाळी अंक जातो. पण दिल्लीतल्या एका कागदाने लासलगावचा भाव कोसळणार असेल, तर नव्या कांदाचाळीत, नव्या बियाण्यात पैसा घालायला कोण धजावेल?

द्राक्षाच्या उघड्या दारातून कोण आत आलं, ते पॅकहाऊसमध्ये दिसतं. थंड हॉलमध्ये टोपी-हातमोजे घातलेल्या बायांची रांग. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लागू द्यायचं नाही. लागलं की वरची पांढुरकी झाक पुसली जाते. बारीक मणी कात्रीने उडवायचा, पनेट, म्हणजे छोटा डबा, काट्यावर ठेवायचं, पुढचा घड घ्यायचा. एरवी निंदणी-खुरपणीत दिवस गेले असते त्यांचे. मात्र आम्ही पाहिलं तिथे टेबलाच्या टोकाला वही घेऊन पुरुषच उभा होता. पेटीवरच्या क्रमांकावरून रॉटरडॅमचा व्यापारी थेट बागेपर्यंत पोचतो. मणी उडवणारा हात मात्र त्या क्रमांकात नाही.

इकडे बागांत छाटणी संपली की टोळ्या पुढच्या बागेवर जातात. त्यांच्यासाठी काढून ठेवलेले अंक घेऊन आम्हाला दिवाळी पाडव्याआधीच निघावं लागणार आहे.