डिग्री मोठी की सर्टिफिकेट?

"आजकाल डिग्रीला विचारतो कोण?" हे वाक्य आपल्या होस्टेलमध्ये दिवसातून एकदा तरी कानावर पडतंच. सेमिस्टरचा रिझल्ट लागला की त्या दिवशी जरा जास्तच! मेसच्या रांगेत, कट्ट्यावर, पनवेल स्टेशनला लोकलची वाट बघताना, विषय एकच. कुणाचा तरी मावसभाऊ म्हणे बी.कॉम. करून क्लाउडमध्ये शिरला आणि आता आपल्या एच.ओ.डीं.पेक्षा जास्त पगार घेतो. मग चार वर्षं घालवायची कशाला? सहा महिन्यांत एखादं सर्टिफिकेशन करावं आणि मोकळं व्हावं!

मित्रांनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. फी, होस्टेल, मेस, पुस्तकं यावर घरच्यांचे जे पैसे जातात त्यांचा हिशोब आपण विचारायलाच हवा. पण उत्तर द्यायची आपल्याला फार घाई होते, असं मला वाटतं. म्हणून हा लेखप्रपंच.

मुळात ही चर्चा आजची नाही. एनआयआयटी १९८१ साली सुरू झाली आणि ॲपटेक १९८६ साली. इंजिनीअरिंगच्या जागा मोजक्या होत्या तेव्हा बी.एस्सी., बी.कॉम. झालेल्या कितीतरी मुलामुलींना कॉम्प्युटरचं दार या संस्थांनी उघडून दिलं. हे मान्य केलंच पाहिजे. पुढे कंपन्यांच्या स्वतःच्या परीक्षांची लाट आली. मायक्रोसॉफ्टची एमसीएसई, सनची एससीजेपी, १९९८ साली आलेली सिस्कोची सीसीएनए... नावापुढे ही अक्षरं लावली की माणूस वजनदार वाटायचा. पण त्याच काळात 'पेपर एमसीएसई' असाही एक शब्द रूढ झाला. म्हणजे काय, तर प्रश्नांचे डंप पाठ करून पास झालेला, पण खरोखरचा सर्व्हर बंद पडला की हात वर करणारा!

आणि त्या अक्षरांचं पुढे काय झालं? सन कंपनी २०१० साली ओरॅकलने विकत घेतली आणि एससीजेपी हे नावच गेलं. एमसीएसईच्या परीक्षा मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ पासून कायमच्या बंद केल्या. सीसीएनए जिवंत आहे, पण २४ फेब्रुवारी २०२० पासून तिचा अभ्यासक्रम आणि परीक्षा नव्याने बांधली गेली. पास झालात तरी ती तीन वर्षं चालते. रेड हॅटची मुदत तीन वर्षं, ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसची तीन वर्षं. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरच्या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेशन्सचं तर दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं.

यात कंपन्यांचा काही दोष नाही. तंत्रज्ञान बदलतं, मग त्याचा दाखलाही बदलणारच. पण आपण लक्षात काय घ्यायचं? सर्टिफिकेट हे दुधाच्या पिशवीसारखं असतं, त्यावर तारीख छापलेली असते. डिग्रीवर ती नसते. २००५ साली बी.ई. झालेला माणूस आजही बी.ई.च आहे.

"पण डिग्री म्हणजे नुसता कागद!" असं कुणी म्हणेल. कागद तर कागद, पण तो कुठे कुठे लागतो ते बघा. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची पहिली चाळण ६० टक्के आणि बॅकलॉग किती ही असते. तुमचं सर्टिफिकेट त्या चाळणीतून खाली उतरल्यावरच कुणाला दिसणार. सरकारी बँकांत आय.टी. अधिकारी व्हायचं तर आयबीपीएसच्या परीक्षेला इंजिनीअरिंगची चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी लागते. नाहीतर कोणतीही पदवी आणि तिच्यावर डोएकचं (आता नायलिट) 'बी' लेव्हल. म्हणजे सर्टिफिकेटचा रस्ता आहे, पण तोही पदवीवरूनच जातो! आपल्यापासून लोकलने तिसरं स्टेशन खारघर. तिथल्या सी-डॅकमध्ये ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. अस्सल व्यावसायिक कोर्स, पण प्रवेशाला इंजिनीअरिंगची पदवी किंवा एमसीए, एम.एस्सी.सारखी पात्रता आणि वर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसालाही बॅचलर पदवी किंवा तिच्या तोडीचं काही लागतं. पदवी नसेल तर तीन वर्षांचा त्या क्षेत्रातला अनुभव कॉलेजच्या एका वर्षाबरोबर धरतात. चार वर्षं भरून काढायला बारा वर्षं! आता सांगा, शॉर्टकट कोणता?

बरं, कागद बाजूला ठेवू. आत काय आहे ते बघू. सिलॅबस जुना आहे म्हणून आपण सगळेच ओरडतो, आणि काही विषयांत ते खरंही आहे. पण जुनं ते सगळं टाकाऊ नसतं. रिलेशनल डेटाबेसची कल्पना आयबीएमच्या कॉड यांनी १९७० साली मांडली, आपण आजही तिच्याच जिवावर एसक्यूएल लिहितो. आयपी व्हर्जन फोरचं स्पेसिफिकेशन १९८१ सालचं. एमसीएसई आली आणि गेली, पण तो पत्ता आजही आपल्या होस्टेलच्या वायफायवर दिसतो. ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डीबीएमएस हे विषय जुने वाटतात, कारण ते टिकले आहेत. सीसीएनएमध्ये पैसे भरून जे सबनेटिंग शिकवतात, ते आपल्या कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरात असतंच की! फरक एवढाच, की तिथे ते करून बघतात आणि आपण परीक्षेच्या आदल्या रात्री गेस पेपरमधून पाठ करतो.

लांब कशाला, आपल्या पनवेलमध्येच बघा. हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत २०२० साली योट्टा कंपनीचं एनएम-१ हे डेटा सेंटर सुरू झालं. ७२०० रॅक्सची त्याची क्षमता आहे. अपटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था डेटा सेंटरला दर्जा देते, आणि या इमारतीने त्यातला सगळ्यात वरचा 'टिअर फोर' मिळवला. कुठलाही एखादा भाग बंद पडला तरी काम थांबता कामा नये, असा तो दर्जा. म्हणजे सर्टिफिकेट आता इमारतीलाही लागतं! पण ते मिळण्याआधी ती उभी करावी लागली. हजारो सर्व्हर्सना अखंड थ्री-फेज वीज कशी पुरवायची, त्यांची उष्णता बाहेर कशी काढायची, दोन वेगवेगळ्या मार्गांनी नेटवर्क कसं आणायचं... ही सगळी एफ.ई.पासूनची इंजिनीअरिंगच आहे. पाया आधी आणि पाटी नंतर. माणसाचंही तसंच आहे, असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू. सर्टिफिकेशन निरुपयोगी आहे का? अजिबात नाही! रेड हॅटची आरएचसीई १९९९ सालापासून चालू आहे आणि तिच्यात पर्याय निवडायचे प्रश्नच नसतात. समोर चालू मशीन ठेवतात आणि सांगतात, हे करून दाखव. झालं तर झालं. आपल्या ओरलमध्ये "जर्नल पूर्ण आहे का?" हा पहिला प्रश्न असतो, त्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी प्रामाणिक. शिवाय डिग्री सगळ्यांची सारखीच दिसते. मुलाखतीत साठ मुलांच्या हातात तीच मार्कशीट असते, तेव्हा एका विषयात तुम्ही स्वतःहून खोल गेलात हे दाखवायला एखादं चांगलं सर्टिफिकेशन उपयोगी पडतं. डिप्लोमा, बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झालेल्यांना तर ते आपल्यापेक्षा जास्त गरजेचं आहे.

गूगलचं उदाहरणही सगळे देतात. २०२० साली गूगलने सहा महिन्यांचे करिअर सर्टिफिकेट कोर्स जाहीर केले आणि त्या त्या कामांसाठी आपण ते चार वर्षांच्या डिग्रीच्या बरोबरीचे धरू, असं सांगितलं. खरं आहे. पण ते गूगलने स्वतःच्या भरतीबद्दल सांगितलं होतं, बाकीच्या जगाच्या वतीने नव्हे. चेन्नईच्या झोहोने २००५ सालापासून बारावी आणि डिप्लोमाची मुलं घेऊन त्यांना घडवलं, डिग्री न मागता. तेही खरं. पण झोहो फी घेत नाही, उलट शिकताना विद्यावेतन देते आणि मग कामावर घेते. जो शिकवतो तोच नोकरी देतो, तिथे डिग्री नसली तरी चालून जातं. जो फक्त फी घेतो, त्याच्याकडे जाताना मात्र चार प्रश्न जास्त विचारावेत.

हे मी हवेत बोलत नाही. माझा रूम पार्टनर टी.ई.ला आहे. एम-३ आणि एम-४ दोन्हीच्या केट्या लटकलेल्या, त्या सुटल्या नाहीत तर बी.ई.ला प्रवेश नाही. त्याने ठरवलं, कॉलेज सोडायचं आणि तीन सर्टिफिकेशन्सचं पॅकेज घ्यायचं. आम्ही दोघं एका क्लासमध्ये चौकशीला गेलो. फी ८५ हजार, एसी केबिन, भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो, "हंड्रेड पर्सेंट जॉब असिस्टन्स". मी विचारलं, गेल्या बॅचमधल्या कुणाशी फोनवर बोलता येईल का? मॅडम म्हणाल्या, "इन्स्टॉलमेंटची सोय आहे." मी पुन्हा विचारलं, या फीमध्ये कंपनीच्या परीक्षेची फी धरली आहे का? नव्हती! एकट्या सीसीएनएची परीक्षा ३०० डॉलरची, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर. नापास झालात की पुन्हा तेवढेच.

त्या रात्री त्याने घरी फोन लावला. वडील पोलादपूरकडचे, थोडी भातशेती आणि बाकी मुंबईला गेलेल्या भावाचा आधार. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "बाळा, डिग्री म्हणजे काय ते मला कळतं. गावात चार लोकांना सांगता येतं. हे दुसरं काय असतं ते तूच ठरव, पण पैसे दोनदा नाही जमायचे."

पैसे दोनदा नाही जमायचे! मला वाटतं सगळा विषय या एका वाक्यात आला. ज्याच्या घरी पैसे दोनदा जमतात त्याने खुशाल प्रयोग करावेत. आपल्यापैकी बहुतेकांना एकदाच संधी आहे, आणि म्हणून क्रम महत्त्वाचा. मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी केट्या काढ. तीन वर्षांची फी भरून झाली आहे, आता सोडलंस तर बारावीवर येशील. दुसरं, सर्टिफिकेशन एकच निवड, आणि ते चालू सेमिस्टरच्या विषयाला जोडून. नेटवर्कचा पेपर असेल त्या सेमिस्टरला सीसीएनएचं पुस्तक उघड, एका अभ्यासात दोन कामं होतात. तिसरं, परीक्षेची फी बी.ई.च्या वर्षात भर, म्हणजे मुदतीची तीन वर्षं नोकरी शोधताना आणि पहिल्या नोकरीत वापरता येतील. आणि क्लास लावायच्या आधी स्वतः करून बघ. लिनक्स फुकट आहे, सिस्कोचा पॅकेट ट्रेसर फुकट आहे, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत. महिनाभर रोज एक तास बसवत नसेल, तर ८५ हजार भरूनही बसवणार नाही.

तो अजून पूर्ण पटलेला नाही. पण एम-३चं पुस्तक टेबलावर आलं आहे, एवढं खरं.

जाता जाता आपल्या शिक्षकांनाही दोन शब्द, रागावू नका सर! मुलं बाहेरच्या क्लासला का पळतात? तिथे मशीनला हात लावायला मिळतो म्हणून. आपल्याकडे लॅब पाचला बंद होते आणि आम्ही होस्टेलमध्ये जर्नल कॉपी करत बसतो. एकाच प्रॅक्टिकलच्या साठ सारख्या प्रती तपासून तुम्हालाही काय आनंद मिळत असेल? आठवड्यातले दोन दिवस लॅब रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा. टर्मवर्कच्या काही मार्कांसाठी आरएचसीईसारखं चालू मशीनवर काम करून दाखवायला सांगा. निम्मे क्लास ओस पडतील, आणि घरच्यांचे पैसे वाचतील ते वेगळेच.

शेवटी काय, डिग्री तुम्हाला दारापर्यंत नेते, आत गेल्यावर काय येतं ते दाखवायला सर्टिफिकेट मदत करतं, आणि तिथे टिकायला दोन्हीच्या पलीकडचा रोजचा अभ्यास लागतो. हातातली डिग्री अर्धवट सोडून दुसऱ्याच्या मागे धावू नका, आणि नुसत्या डिग्रीच्या भरवशावर झोपूही नका. पटलं तर बघा. नाही पटलं, तर मेसमध्ये भेटूच. वाद घालायला मी रोज रात्री साडेआठला तिथेच असतो!

– एक होस्टेलवासी, टी.ई. (आय.टी.)