पलटण जिंकली, आणि मी हरलो!

१ मार्च २०२४. शुक्रवार. मी दुपारची पॅसेंजर पकडून रहिमतपूरला घरी गेलो होतो. रात्री प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाची फायनल होती, हैदराबादला. पुणेरी पलटण विरुद्ध हरियाणा स्टीलर्स. घरच्या टीव्हीसमोर मी, आण्णा, चुलते आणि शेजारची चार पोरं. पलटण २८-२५ अशी जिंकली. दहा हंगामांत पहिल्यांदाच चषक आपल्याकडे आला. पोरं नाचायला लागली. चुलत्यांनी पेढे आणायला पळवलं. आणि मी? मी तोंड पाडून मोबाईलकडे बघत बसलो होतो.

कारण त्या रात्री एका अ‍ॅपवर मी जो फँटसी संघ लावला होता, त्याचा कप्तान हरियाणाचा चढाईपटू होता. कप्तानाला दुप्पट गुण मिळतात. तो एकेका चढाईला बाद होत होता तसा माझा जीव खाली-वर होत होता. पलटणीनं एकदा त्याला मस्त साखळीत पकडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे सोड की त्याला!" आण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "तू नेमका कुणाच्या बाजूनं हायस?"

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. हा लेख म्हणजे दोन वर्षांनी दिलेलं उत्तर समजा.

आधी हिशेब सांगून टाकतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की हा लेका दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय. पहिल्या वर्षात त्या एका हंगामात मी अकरा हजार चारशे रुपये घालवले. एकदम नाही. एकोणपन्नास, एकोणपन्नास असं करत. मधेच एकदा सहाशे जिंकलो होतो. ते सहाशे अख्ख्या मजल्याला माहीत होते, अकरा हजार कुणालाच नाही. आण्णांनी आलं विकून मेसचे पैसे पाठवायचे आणि मी मेसच्या मामांना "पुढच्या आठवड्यात देतो" सांगायचो. आपल्या हॉस्टेलवर असं करणारा मी एकटा नव्हतो. नावं घेत नाही. ज्याची त्याला माहीत आहेत.

आता मुद्द्यावर येतो. पैसे गेले हे वाईटच, पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. फँटसीनं मला कबड्डी चुकीची बघायला शिकवली.

कसं ते बघा. फँटसीत आपण सात जण निवडतो आणि प्रत्येकाच्या नावावर लागलेले गुण मोजतो. म्हणजे साहजिकच आपण नावाजलेल्या चढाईपटूच्या मागे लागतो. तो दर दोन मिनिटांनी चढाईला जातो, बोनस आणतो, एखादा गडी टिपतो. गुणांचा पाऊस! पण या हिशेबानं संघ जिंकतो का? रेकॉर्ड काढून बघू.

दहाव्या हंगामात सर्वाधिक चढाईगुण होते दबंग दिल्लीच्या आशू मलिकचे, २७६. फँटसीवाल्यांचा तो देव होता. पण दिल्ली एलिमिनेटरमध्येच पाटण्याकडून ३७-३५ नं हरून घरी गेली. चषक नेला पलटणीनं, आणि चढाईच्या यादीत पलटणीचा एकही गडी त्याच्या आसपास नव्हता. साखळीत २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत, फक्त २ हरले. ९६ गुण! हे कुणा एकाच्या जोरावर झालं नाही. चढाई तिघांत वाटलेली होती : कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज मोहिते. एक बाद झाला तर दुसरा तयार. फायनलला पंकजनं एकाच चढाईत चार गुण आणले आणि सामना फिरला. मागे डाव्या कोपऱ्यात इराणचा शादलुई, २ कोटी ३५ लाखांना घेतलेला, हंगामात ९९ पकडगुण. उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री. आणि मधे दोन कव्हर, अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत.

या कव्हरवाल्यांचं नाव माझ्या फँटसी संघात एकदाही नव्हतं.

आण्णा त्यांच्या वयात गावच्या संघातून डावा कव्हर खेळायचे. त्या रात्री सामना संपल्यावर ते म्हणाले, "शादलुईनं धरला म्हणत्यात. पण त्याला आत ढकलला कुणी? रेषेकडं पळायची वाट कुणी अडवली? त्या सावंताचं नाव कुणी घेतलं का?" मी मोबाईलवर बघितलं. त्या पकडीचा गुण एकाच्याच नावावर लागला होता. नियमच तसा. चौघांनी मिळून धरायचं आणि नोंद एकाची. आता जो माणूस फक्त नोंद बघून संघ लावतो, त्याला बाकीचे तिघं दिसणार कसे? मला दोन महिने दिसले नाहीत.

ही काही एका हंगामाची गोष्ट नाही. २०१५ च्या दुसऱ्या हंगामात आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके चढाईत सगळ्यांच्या पुढे होता. काय ती चपळाई! पण त्याचा दिल्लीचा संघ सेमीफायनललासुद्धा पोहोचला नाही. चषक यू मुंबानं नेला. २०२५ च्या बाराव्या हंगामात पाटण्याच्या अयान लोहचबनं चढाईत तीनशेचा टप्पा ओलांडला. पाटणा फायनलला नव्हतं. एकटा चढाईपटू संघाला किती लांब नेऊ शकतो, याचं उत्तर वर्षानुवर्षं तेच येतंय.

आता पलटणीच्या बाराव्या हंगामाचा आढावा घेऊ, कारण हा हंगाम मी पहिल्यांदा पैसे न लावता बघितला. मी काही साधू झालो नव्हतो. कायदाच आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि मोठ्या अ‍ॅप्सनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. बरोबर एका आठवड्यानं, २९ ऑगस्टला, विशाखापट्टणमला हंगाम सुरू झाला. मोबाईलवर लावायला काही नाही. नुसती कबड्डी बघायची!

त्याआधीचा अकरावा हंगाम पलटणीला वाईट गेला होता. विजेते म्हणून उतरलो आणि पहिल्या सहांतही आलो नाही. शादलुई हरियाणाकडे गेला आणि त्या वर्षी हरियाणानंच चषक उचलला, तोही आपल्या बालेवाडीत. अस्लमचा गुडघा दुखावलेला. त्यामुळे बाराव्या हंगामात फारशी आशा नव्हती. प्रशिक्षक नवे, अजय ठाकूर. पुण्यात एकही सामना नाही, विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली अशी फिरती. त्यात नगर जिल्ह्यातला आपला अस्लम पुन्हा दुखापतीनं बरेच सामने बाहेर. तरीही पलटणीनं साखळीत १८ पैकी १३ सामने जिंकले आणि पहिला क्रमांक पटकावला. कसा? तसाच, वाटून. अस्लम नसताना आदित्य शिंदे नावाचा पोरगा उभा राहिला. पंकज जुना-जाणता. मागे गौरव खत्री घट्ट.

पहिल्या क्वालिफायरमध्ये दिल्लीशी ३४-३४ बरोबरी झाली आणि टायब्रेकरमध्ये हरलो. मग तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं हरवून फायनल गाठली. ३१ ऑक्टोबर, दिल्ली. समोर पुन्हा दिल्ली, त्यांच्या घरच्या मैदानावर. दिल्लीच्या बचावात फझल अत्राचली, जो नवव्या हंगामात आपलाच कर्णधार होता. ३१-२८ नं हरलो. २०२४ ला तीन गुणांनी जिंकलो, २०२५ ला तीन गुणांनी हरलो.

त्या रात्री मेसच्या टीव्हीसमोर चाळीस-पन्नास जण होतो. हरल्यावर कुणी बोलेना. मेसच्या मावशीसुद्धा भांडी तशीच ठेवून उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, त्या वाईट वाटण्यात बरंही वाटलं. कारण २०२४ ला माझा संघ जिंकला तेव्हा मी रडवेला होतो आणि २०२५ ला हरला तेव्हा सगळ्यांबरोबर हळहळत होतो. आता आण्णांनी विचारलं असतं तर सांगता आलं असतं, मी कुणाच्या बाजूनं आहे ते.

काही जण म्हणतील, फँटसी हा कौशल्याचा खेळ आहे, न्यायालयांनीही तसं म्हटलंय. म्हटलंय, खरं आहे. अभ्यास करून संघ लावता येतो हेही मान्य. पण आपण इंजिनिअरिंगची पोरं, जरा आकडेमोड करू. दोन्ही बाजूंचे मिळून चौदा गडी. त्यातून सात निवडायचे ३४३२ प्रकार. प्रत्येक संघात कप्तान आणि उपकप्तान निवडायचे ४२ प्रकार. गुणाकार १,४४,१४४. नियमांच्या बंधनांमुळे यातले काही गळतील, समजा निम्मे. तरी उरलेल्यात पहिलं यायचं म्हणजे तुमचं कौशल्य तुम्हाला हजारात आणेल, पण एकावर आणायला नशीबच लागणार. एम-थ्रीत के.टी. लागलेल्या माणसालाही हे कळतं. मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, तरी लावत होतो. हीच तर त्यातली मेख आहे.

दुसरे म्हणतील, कायद्यानं काय होतं? चोरून लावणारे लावतातच. बरोबर आहे. मोबाईलवर कुठून कुठून लिंका येतात, त्यावर कसली नोंद नाही की दाद मागायची सोय नाही. या कायद्यात शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर नाही, चालवणाऱ्यावर आणि जाहिरात करणाऱ्यावर आहे. म्हणजे हॉस्टेलच्या पोराला पोलीस धरून नेणार नाहीत. मग थांबवणार कोण? माझ्या मते बंदीनं अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं तेव्हाच होतं, जेव्हा रात्री आठ वाजता करायला त्याहून मजेचं काहीतरी असतं.

म्हणून आम्ही दुसऱ्या मजल्यावर एक वही सुरू केली. जुन्या जर्नलची उरलेली पानं शिवून केलेली. बाराव्या हंगामात सव्वीस जण खेळले. नियम चारच :

१. पैसा नाही. (आधी हरणाऱ्यानं चहा पाजायचा असं ठरलं होतं. रेक्टर सर म्हणाले, चहा म्हणजेही पैसाच. बरोबर बोलले.) हरणाऱ्यानं रविवारी मेसमध्ये उभं राहून आठवड्याच्या सामन्यांचा वृत्तांत वाचायचा.

२. सातांत निदान तीन बचावपटू, त्यांतला एक तरी कव्हर.

३. पकडीत ज्यानं ज्यानं हात घातला त्या प्रत्येकाला गुण. वाद झाला तर रिप्ले बघून ठरवायचं.

४. आपला संघ खेळत असेल तर समोरच्या संघातला कप्तान करायचा नाही.

तिसऱ्या नियमानं काय झालं माहितेय? पोरं सामना बघायला लागली! कोण कुठं उभा आहे, साखळीत हात कुणी सोडला, डॅश कुणी मारला, यावर भांडणं. पूर्वी बॉल... म्हणजे गडी कुठं आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं, फक्त गुणफलक. हंगामाच्या शेवटी वहीत पहिला आला पहिल्या वर्षाचा एक पोरगा, ज्याच्या संघात एकही मोठं नाव नव्हतं. तो गावाकडं स्वतः कव्हर खेळतो!

आता पुढच्या हंगामाचं भाकीत. लिलावात गडी इकडचे तिकडे होतात, हा अंक हाती पडेपर्यंत कोण कुठं असेल सांगता येत नाही, म्हणून नावं न सांगता जागा सांगतो. ज्या संघाचे दोन्ही कव्हर मागच्या वर्षीचेच आहेत तो संघ धरा. कव्हरची जोडी जुळायला वेळ लागतो, पैसे टाकून ती विकत मिळत नाही. तिसरा चढाईपटू कोण आहे ते बघा. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'ची असते, तिथं संघ उघडे पडतात. मोठ्या दुखापतीतून परतलेल्या गड्याला पहिल्या आठवड्यात कप्तान करू नका, मग तो कितीही आवडता असो. आणि पलटणीबद्दल एवढंच : चढाई तिघांत वाटण्याची सवय मोडली नाही, तर पहिल्या चारांत येणार. लिहून ठेवा. चुकलो तर रविवारी मेसमध्ये वृत्तांत मीच वाचीन.

असो. पुढच्या हंगामाला आण्णांनाही वहीत घ्यायचं ठरवलंय. ते फोनवर संघ सांगणार. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कव्हरला गुण हायत न्हवं?"

आहेत, आण्णा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
(मु. पो. रहिमतपूर, सध्या हॉस्टेल, दुसरा मजला)