हेमंतातील पहाट आणि वसईचा वायू

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची चार कारणे सांगितली आहेत : वायू, उदक, देश व काल यांची विकृती. पापडी परिसरात याचा प्रत्यय हिवाळ्यात येतो. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आणि मधल्या सखल पट्टीत वसई. पावसाळ्यात हवा धुऊन निघते. हेमंत-शिशिरात मात्र रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो. पूर्वेकडील महामार्ग व कारखान्यांचा धूर मंद भूमिवाऱ्यासह वस्तीकडे सरकतो. ऊन तापल्यावरच तो विरतो.

म्हणून श्वास-कासाच्या रुग्णांना ‘पहाटे फिरायला जा’ असा सरसकट सल्ला या ऋतूंत वैद्यांनी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्राह्ममुहूर्ती अवश्य उठावे. बाहेर मात्र ऊन पसरल्यावरच पडावे. सूक्ष्म धूलिकणांची चोवीस तासांची मर्यादा राष्ट्रीय मानकानुसार (२००९) प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचविली. पथ्य सांगताना हा आकडाही पाहावा. यात शास्त्राचा अवमान नाही. देश-काल पाहून दिनचर्या सांगणे हीच शास्त्राची आज्ञा आहे.