बैलाचे दात, उमेदवाराचं तोंड

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलांचा बाजार हे तिचं मोठं अंग. वैशाखरे, टोकावडे, किन्हवलीकडचा शेतकरी तिथे बैल घ्यायला येतो, तेव्हा त्याची पारख बघत राहावी. आधी तो बैलाचं तोंड उघडून दात बघतो. मग खूर, वशिंड, खांदा. अंगावरचे भोवरे न्याहाळतो. चार पावलं चालवून बघतो. बैल कुठल्या गावचा, जुवाला मान देतो की बसकण मारतो, शिंगं रंगवून वय तर झाकलेलं नाही ना, हे सगळं खोदून खोदून विचारतो. समाधान झालं नाही तर सौदा मोडून सरळ पुढच्या दावणीला जातो. एवढ्या चौकस माणसाला फसवायचं म्हणजे दलालालाही घाम फुटतो.

आणि हाच माणूस, देशाचा माल बाहेर जाऊ द्यायचा की नाही, बाहेरचा आत घ्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या पक्षाला द्यायचा, त्या उमेदवाराला तोंडसुद्धा उघडायला लावत नाही. बैलाचे दात मोजणारा समाज मत मात्र डोळे मिटून देतो. हा अडाणीपणा नव्हे. अडाणी माणसाला बैल कळला नसता. ही आपण होऊन पत्करलेली लाचारी आहे, आणि तिच्याबद्दल आज स्पष्ट बोलायला हवं.

2024 च्या लोकसभा निवडणुकीची उजळणी करू. मुरबाड आणि शहापूर हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ भिवंडी लोकसभेत येतात. 20 मे रोजी मतदान झालं. भाजपचे कपिल पाटील तेव्हा केंद्रात पंचायत राज खात्याचे राज्यमंत्री होते. समोर शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे सुरेश म्हात्रे, म्हणजे बाळ्यामामा. तिसरे, अपक्ष निलेश सांबरे, ज्यांनी दोन लाखांवर मतं घेतली. म्हात्रे 66 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. पारापासून चहाच्या टपरीपर्यंत त्या दिवसांत हिशेब कसला चालला होता? आगरी किती, कुणबी किती, आदिवासी कुणाकडे, मुसलमान कुणाकडे. कुणाच्या हळदीला कोण आलं, कुणाच्या सप्ताहाला कोणी पंगत दिली, क्रिकेटच्या सामन्यांना कोणी चषक ठेवला. कल्याण–मुरबाड रेल्वे नेहमीप्रमाणे भाषणांतून धावली.

त्याच वेळी देशात काय चाललं होतं? 20 जुलै 2023 पासून बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी होती. ती मतदानाच्या दिवशीही होती आणि सप्टेंबर 2024 च्या अखेरीपर्यंत राहिली. कांद्यावर ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क बसलं, 8 डिसेंबरला सरळ बंदी आली आणि ती उठली 4 मे 2024 ला, निवडणूक ऐन भरात असताना. 10 मार्च 2024 रोजी भारतानं स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनश्टाइन या चार देशांच्या गटाशी व्यापारकरार केला, आणि सहाच दिवसांनी निवडणूक जाहीर झाली. भात हे ज्या दोन तालुक्यांचं मुख्य पीक, तिथे भाताच्या निर्यातबंदीवर तिन्ही प्रमुख उमेदवारांची मतं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, असं कुणाच्या मनातही आलं नाही. मतंच कुणी मागितली नव्हती, मग ठेवणार काय?

माळशेज घाट चढून वर गेलं की चित्र बदलतं. वर जुन्नर तालुका. ओतूर, आळेफाट्याचा कांदा आणि नारायणगावचा टोमॅटो भरलेले ट्रक याच घाटानं उतरून वैशाखऱ्यावरून कल्याण-मुंबईकडे जातात. वरच्या शेतकऱ्यानं त्या निवडणुकीत कांद्याचा जाब विचारला. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या 2 हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, म्हणजे निर्यातीची, तेव्हा महाराष्ट्रात असा गदारोळ झाला की दोनच दिवसांत केंद्राला सहा देशांसाठीच्या 99,150 टन कांद्याचा आकडा पुढे करावा लागला. दिंडोरीत तर केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, आणि त्या पराभवाच्या कारणांत कांदा सगळ्यांनी मोजला. म्हणजे आयात-निर्यात हा विषय शेतकऱ्याच्या डोक्यावरून जातो, ही थाप आहे. घाटावर कांदा बोलला. घाटाखाली भात मुका राहिला. मधे अंतर एका घाटाचं.

भात मुका का राहिला, याचं एक कारण खरं आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवं. घाटावरचा कांदावाला विकण्यासाठी पिकवतो. आमचा एक-दोन एकरवाला आधी खाण्यासाठी पिकवतो. दिवाळीनंतर खळ्यावर भात झोडला की घरचं ठेवून चार पोती आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर नाहीतर व्यापाऱ्याला घालतो. 2023-24 साली साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,183 रुपये होता. आणि पावसाळा तोंडावर आला की तोच माणूस रेशनच्या रांगेत उभा राहतो. निर्यात बंद झाली की माल आत तुंबतो, भाव दबतो. त्यात तो विकणारा म्हणून मार खातो आणि विकत घेणारा म्हणून थोडा वाचतो. त्याचा मुलगा पडघा-भिवंडीच्या गोदामात ठेकेदाराकडे खोकी उचलतो. त्या खोक्यांत परदेशातून आलेला मालही असतो. आयात वाढली तर त्या पोराची हजेरी टिकते. त्याच भिवंडीत यंत्रमाग आहेत. बाहेरचं स्वस्त कापड आलं की माग थंडावतो, आणि बाहेरचं स्वस्त सूत आलं तर मागवाल्याला बरं वाटतं. एकाच मतदारसंघात, कधी कधी एकाच घरात, खुल्या व्यापाराचा फायदा आणि तोटा एकाच ताटात जेवतात.

मग इथे तर प्रश्न जास्त विचारायला हवेत! ज्याचं हित सरळ एका बाजूला आहे त्याला एका घोषणेत भागवता येतं. ज्याचं हित असं गुंतलेलं आहे, त्याला उमेदवारानं बसवून, समजावून सांगायला हवं की बाबा रे, मी तुझ्यातल्या विकणाऱ्याला वाचवणार की विकत घेणाऱ्याला, आणि ज्याचं नुकसान होईल त्याला काय देणार. एवढं साधं उत्तर आपण मागत नाही. मागा म्हटलं की म्हणतो, “ते वरचं काम, आपल्याला काय कळतंय त्यातलं?”

कळत नाही? याच पट्ट्यातून नाणेघाटाची वाट वर जुन्नरकडे चढते. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी त्या वाटेनं प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला, जात होता. माथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि जवळच तो दगडी रांजण, ज्यात जकात टाकली जाई असं पिढ्यान् पिढ्या सांगत आले. जकात आपल्या डोंगरांना आपल्याआधी ठाऊक आहे. सुट्टीच्या दिवशी मुंबईची मुलं तिथे येऊन फोटो काढतात, आणि पायथ्याचा मतदार म्हणतो, जकातीचं मला कळत नाही.

मराठी माणसानं हा विषय एके काळी चांगला धसास लावला होता. सार्वजनिक काका 1877 च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये परदेशी यंत्रमालानं इथल्या कारागिरांची काय दशा केली, ते मांडलं. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्ये पुण्यात सांगितलं की इंग्रजांचं खुल्या व्यापाराचं शास्त्र जसंच्या तसं हिंदुस्थानाला लागू पडत नाही. 1896 साली देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला, तेव्हा टिळकांनी लोकांना उठवलं. शंभर वर्षांनी शेतकरी नेते शरद जोशींनी उलट टोकाची भूमिका घेतली. सरकारनं शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, बाजार खुला करावा, असं ते म्हणाले आणि जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला पाठिंबा देऊन त्यांनी स्वदेशीवाल्यांचा रोषही ओढवून घेतला. उणे सबसिडी, म्हणजे सरकार शेतकऱ्याला देतं त्याहून जास्त त्याच्याकडून काढून घेतं, ही अवघड गोष्ट त्यांनी उघड्या मैदानात, मांडी घालून बसलेल्या हजारो शेतकऱ्यांना समजावली आणि ती त्यांना समजली. रानडे बरोबर की जोशी, यावर भांडा. जरूर भांडा. पण आज भांडणच उरलेलं नाही, त्याची लाज कुणाला वाटायची?

पक्षांना तर ही शांतता हवीच आहे. पूर्वेकडच्या देशांशी होणाऱ्या ‘आरसेप’ कराराच्या वाटाघाटी काँग्रेसच्या राज्यात सुरू झाल्या. भाजपच्या राज्यात त्या पुढे गेल्या. 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये मोदींनी त्यातून अंग काढलं, आणि तोवर काँग्रेसही विरोधाची भाषा बोलू लागली होती. 2024 च्या जाहीरनाम्यात काँग्रेसनं शेतमालासाठी नीट आयात-निर्यात धोरण आखू असं लिहिलं. नीट म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही. भाजपनं भारताला जगाचा कारखाना करू म्हटलं. त्या कारखान्यात भातवाल्याची जागा कोणती, हेही गुलदस्त्यातच राहिलं. मग सहा महिन्यांनी विधानसभा आली आणि अर्थकारणाची सगळी तुलना बायकांना दरमहा द्यायच्या रुपयांच्या तीन आकड्यांवर येऊन थांबली: चालू असलेले 1,500, महायुतीचे 2,100 आणि महाविकास आघाडीचे 3,000. आवणीच्या चिखलात कंबर मोडेपर्यंत वाकणाऱ्या बाईला ते पैसे मिळू नयेत असं मी म्हणत नाही. मिळावेत. पण तिच्या भाताचा भाव, तिच्या मजुरीचा दर, तिच्या मुलाची कायम नोकरी, हे तिन्ही प्रश्न त्या आकड्याखाली गाडले गेले. आणि तिला कुणी विचारलंही नाही, कारण सभेत ती मागे बसलेली असते आणि बोलणारे पुढे.

उलट अमेरिकेत 2024 च्या निवडणुकीत ट्रम्प म्हणाले, आयातीवर जबर कर लावीन. कमला हॅरिस म्हणाल्या, हा कर तुमच्याच खिशातून जाईल. कौल शहाणपणाचा होता की नाही, ते अमेरिकन बघतील. पण मतदाराला निवड काय आहे ते आधी माहीत होतं. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये त्याच करानं भारतीय मालावर 50 टक्क्यांचा बोजा टाकला. त्याच महिन्यात आपल्या सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं. गिरण्यांना दिलासा मिळाला, विदर्भातल्या कापूसवाल्याच्या पोटात गोळा आला. वॉशिंग्टनच्या निवडणुकीतलं वाक्य यवतमाळच्या रानापर्यंत पोहोचतं, आणि आपल्याच निवडणुकीत आपण कुणाच्या हळदीला कोण आलं ते मोजतो!

दोष सगळा मतदारावर टाकणं मात्र भेकडपणाचं होईल. पहिला आरोपी आहे शिकलेला माणूस. ज्या मास्तरला निर्यातबंदीचा अर्थ कळतो, तो निवडणुकीत जातीच्या मेळाव्याचं सूत्रसंचालन करतो. तालुक्याचा पत्रकार उमेदवाराला विचारतो, “विजयाची खात्री किती?” पतपेढीचा संचालक भाव पडणार हे आधी हेरतो आणि ते ज्ञान स्वतःच्या पोत्यांपुरतं वापरतो. ज्ञान लपवून ठेवणं हा या समाजाचा जुना रोग. फुल्यांनी तो भटशाहीत दाखवला. आज प्रत्येक जातीत त्याची स्वतंत्र शाखा आहे.

दुसरा आरोपी त्याहून मोठा, आणि तो आपल्या गावातच राहतो. खुला व्यापार, खुला बाजार म्हणून भाषण ठोकणाऱ्यांच्या हद्दीत कातकरी वाड्या आहेत. दिवाळी सरली की तिथली कुटुंबं वीटभट्टीवर जातात. जाण्याआधी उचल घेतलेली असते. हंगामभर नवरा-बायको विटा थापतात, हिशेबाची वही मालकाकडे. पावसाआधी हिशेब होतो आणि बाकी निघते. ती फेडायला पुन्हा पुढच्या वर्षी तीच भट्टी. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं संपली. कागदावर संपली. ज्याला आपली मजुरी कुठे, कितीला विकायची हे ठरवता येत नाही, त्याच्यापुढे मुक्त व्यापाराच्या गप्पा मारणं ही क्रूर थट्टा आहे. आणि मजुरीवरची ही बंदी कुठल्या दिल्लीच्या मंत्र्यानं घातलेली नाही. ती आपल्यातल्याच एखाद्या मालकानं, उचल देणाऱ्या मुकादमानं आणि हे रोज पाहून गप्प बसणाऱ्या आपण सगळ्यांनी घातलेली आहे. भाताला भाव मागणारा शेतकरी कातकऱ्याच्या घामाला भाव देत नसेल, तर त्याच्या मागणीला नैतिक बळ कुठून येणार?

तेव्हा करायचं ते उघड आहे. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा आणि उमेदवार जाहीर झाले की प्रत्येकाला लेखी पाच प्रश्न पाठवा. भाव वाढले की तुमचा पक्ष तांदळाची निर्यात बंद करणार की नाही? बंद केली तर शेतकऱ्याचं नुकसान कोण भरून देणार? परदेशाशी करार करण्याआधी तो मराठीत आमच्यापुढे ठेवणार का? गोदामातल्या कंत्राटी पोराला कायम करण्याबद्दल तुमचं म्हणणं काय? आणि भट्टीवरच्या उचलीचा हिशेब सरकारी माणसासमोर करायला भाग पाडणार का? उत्तरं ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, पुढच्या रांगेत बायकांना बसवून वाचा, कातकरी वाडीत जाऊन वाचा. ज्याचं उत्तर आलं नाही, त्याचं नावही तिथेच वाचा.

हे कष्ट एकदा तरी घेतल्याशिवाय “सरकार आम्हाला फसवतं” असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. फसवायला आधी वचन द्यावं लागतं, आणि आपण तर अजून ते मागितलेलंच नाही.